नवे मुख्य शीड कोणाकडून शिवून घ्यावे?

वाचकांच्या प्रश्नांपैकी या वेळी तीन प्रश्न एकाच विषयाचे आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या दोघांचे निम्मे उत्तर त्यातच आले आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी मूळचा ठाण्याचा असून बरीच वर्षे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनजवळ राहतो. हॅम्बल नदीत आमची एका डोलकाठीची ३४ फुटी नौका असते. शनिवार-रविवारी आम्ही पतिपत्नी सोलेंटमध्ये, म्हणजे जवळच्याच सामुद्रधुनीत, फिरतो, उन्हाळ्यात फ्रान्समधील शेरबूर किंवा ब्रिटनीपर्यंत जातो आणि पुढेमागे बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेनला जाण्याचा बेत आहे. मुख्य शीड वीस वर्षांचे झाले असून वारा थोडा वाढताच नौका फार कलते आणि सुकाणू जड होते. तीन ठिकाणांहून भाव मागवले आहेत. पहिले ठिकाण जवळचीच चार-पाच माणसांची कार्यशाळा, दुसरे जगप्रसिद्ध नावाची स्थानिक शाखा आणि तिसरे आशियातील एक कारखाना, जो मी पाठवलेल्या मापांवर शीड शिवून कुरियरने धाडील. तिसऱ्याचा भाव पहिल्याच्या दोन तृतीयांश आहे. तिघेही कापड ‘उत्तम डेक्रॉन’, म्हणजे शिडाचे पॉलिस्टर कापड, असल्याचे सांगतात. मग जास्त पैसे का मोजावेत?

उत्तर : आपल्या पत्रात तिघांचे भाव आहेत आणि तिघांनी सांगितलेले कापडही आहे, परंतु त्यांच्यापैकी कोणी आपल्याला काही विचारले का, याचा उल्लेख नाही. माझ्या मते निवड करताना सर्वांत आधी तेच पाहावे. शीड ही तयार कपड्यांसारखी फळीवरून उचलायची वस्तू नव्हे. आपली डोलकाठी किती वाकते, आपण दोघेच असता की सोबत आणखी हात असतात, वारा किती झाला की शीड आखडता (म्हणजे त्याचा खालचा भाग बांधून ते लहान करता), पुढचे शीड केवढे आहे, शीड उतरवल्यावर बूमवर, म्हणजे तळाच्या आडव्या दांड्यावर, कसे बांधता, स्वयंचलित सुकाणूवर किती विसंबता, हे ज्याने विचारले नाही त्याने आपल्या नौकेसाठी नव्हे तर ‘कोणत्याही ३४ फुटी नौकेसाठी’ भाव दिला आहे, असे समजावे. तसा भाव कमी असणे स्वाभाविकच आहे.

आधी जुन्या शिडाचे निदान पाहू. विणलेले पॉलिस्टर कापड ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) किंवा बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेने ओढले तर फारसे वाढत नाही, पण तिरके ओढले की ताणले जाते. वर्षानुवर्षांच्या अशा ताणामुळे शिडाचा फुगवटा, जो डोलकाठीकडच्या बाजूला असायला हवा, तो मागे सरकतो आणि मागची कड आत वळते. मग वाऱ्याचा जोर नौकेला पुढे ढकलण्याऐवजी आडवा पाडू लागतो. नौका कलते, सुकाणू ओढ घेते आणि जिथे पूर्ण शीड चालायला हवे तिथे ते आखडावे लागते. म्हणजे आपले शीड फाटलेले नसूनही संपलेले आहे. नव्याचा निर्णय योग्यच आहे.

आता कापड. ‘उत्तम डेक्रॉन’ या शब्दांना काहीच अर्थ नाही. शीड शिवणारे कापड विणत नाहीत. ते जर्मनीतील डायमेन्शन-पॉलियंट, नेदरलंड्समधील कन्टेंडर, अमेरिकेतील चॅलेंज अशा मोजक्या गिरण्यांकडून घेतात आणि या प्रत्येक गिरणीच्या पॉलिस्टरमध्ये वरच्या व खालच्या प्रती असतात. वरच्या प्रतीत सूत चांगले असते आणि वीण इतकी घट्ट ठोकलेली असते की कापड स्वतःच्या बळावर आकार धरते; खालच्या प्रतीत वीण सैल असते आणि ती उणीव राळेने भरून काढलेली असते. खळ दिलेले धोतर दुकानात कसे कडक दिसते आणि पहिल्याच धुण्यात त्याचा कसा लोळागोळा होतो, हे आपल्या आजोबांच्या पिढीला सांगावे लागत नव्हते. राळेच्या कापडाचेही तसेच होते. पहिल्या मोसमात ते कडकडीत असते, राळ तडकली की लुळे पडते आणि फुगवटा मागे सरकू लागतो. नमुन्याचा तुकडा मागून घेऊन तो दोन्ही हातांत धरून पाच मिनिटे कपडे चोळल्यासारखा चोळावा आणि मग तिरका ओढून पाहावा. ही प्रयोगशाळेतील चाचणी नव्हे, पण दोन तुकड्यांतला फरक हाताला नक्की कळतो.

म्हणून तिघांनाही लेखी विचारा : गिरणी कोणती, त्या गिरणीच्या यादीतील कापडाचे नेमके नाव काय आणि प्रति चौरस मीटर वजन किती ग्रॅम. वजन ग्रॅममध्येच मागावे, कारण या धंद्यातील औंस मोठा फसवा आहे. अमेरिकी सेलमेकरचा, म्हणजे शीड शिवणाऱ्याचा, ‘यार्ड’ ३६ इंच लांब आणि साडेअठ्ठावीस इंच रुंद असतो, तर जुन्या ब्रिटिश पद्धतीत तो पुरा चौरस यार्ड धरतात, त्यामुळे ‘८ औंस’ म्हणजे नेमके किती हे बोलणारा कुठला आहे यावर ठरते. अमेरिकी मापाने एक औंस म्हणजे प्रति चौरस मीटर सुमारे ४३ ग्रॅम. आपल्या नौकेला ३०० ते ३४० ग्रॅमचे, म्हणजे त्या मापाने ७ ते ८ औंसांचे कापड योग्य होईल.

कोणी किरणांसारख्या पट्ट्यांचे, म्हणजे रेडियल पद्धतीचे किंवा थर चिकटवलेल्या लॅमिनेट कापडाचे शीड सुचवील. आपल्या उपयोगासाठी मी साध्या आडव्या पट्ट्यांचे, म्हणजे क्रॉसकट शीडच घेईन. मुख्य शिडावरचा सर्वांत मोठा ताण शेंड्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, मागच्या कडेने जातो. पट्ट्या त्या कडेला काटकोनात ठेवल्या की कापडाचा बाणा नेमका त्या ताणाच्या दिशेने येतो आणि ज्याचा बाणा बळकट असे विणलेले कापड तो ताण सहज पेलते. लॅमिनेट आकार अधिक काळ धरते, परंतु घड्या, दमट हवा आणि बुरशी त्याला मानवत नाहीत आणि संपते तेव्हा थर सुटून एकदम संपते. स्पेनच्या वाटेवर मध्यसमुद्रात सुई-दोऱ्याने डागडुजी करता येईल असेच शीड बरोबर असावे.

यानंतरचा मुद्दा मापांचा, आणि माझ्या दृष्टीने दोन तृतीयांश भावाचे खरे रहस्य तिथेच आहे. डोलकाठीवरच्या, शिडाची हद्द दाखवणाऱ्या वरच्या काळ्या पट्ट्यापासून बूमपर्यंतची उंची आणि डोलकाठीपासून बूमच्या टोकाकडील पट्ट्यापर्यंतची लांबी ही दोन मापे कोणीही घेऊ शकतो. समजा ती ११.३० मीटर आणि ३.६० मीटर आली, तर त्रिकोणाचे क्षेत्रफळ साधारण २०.३ चौरस मीटर होते आणि मागच्या कडेचा बाहेर येणारा फुगीर भाग धरून शीड २२ चौरस मीटरच्या आसपास जाते. एवढ्यावर भाव देता येतो, शीड शिवता येत नाही. पुढचा खालचा कोपरा ज्या खिळीत अडकतो ती डोलकाठीच्या मागच्या पृष्ठापासून किती मागे आहे, खाचेतून सरकणाऱ्या स्लाइड शिडाची कड डोलकाठीपासून किती दूर धरतात, आखडल्यावर कोपरा ज्या आकड्यात अडकतो तो कुठे आहे, बूमच्या टोकाशी शिडाचा कोपरा बूमच्या किती वर बसतो, डोलकाठीला मागून धरणारी तार शिडाच्या फुगीर कडेला लागते का, स्प्रेडर म्हणजे डोलकाठीच्या आडव्या भुजा किती उंचीवर आहेत आणि ताण दिल्यावर डोलकाठी मध्यभागी किती सेंटिमीटर पुढे येते, ही मापे चुकली की सुंदर शिवलेले शीडही अंगाबाहेरच्या सदऱ्यासारखे दिसते.

हे मी अनुभवाने सांगतो. माझ्या पहिल्या २८ फुटी नौकेसाठी मी दूरच्या एका कारखान्याकडून शीड मागवले होते. खालच्या खिळीचे माप त्यांना डोलकाठीच्या मागच्या पृष्ठापासून हवे होते. मी ते खाचेच्या आतल्या तळापासून घेतले. चूक दोन-अडीच सेंटिमीटरची होती. पण पहिल्याच दिवशी खालच्या कोपऱ्यातून एक चुणी तिरकी वर गेली ती कशानेही जाईना आणि महिन्याभरात सर्वांत खालची स्लाइड दोनदा तुटली. कारखान्याचे उत्तर एका ओळीचे होते : शीड आपल्या मापांप्रमाणेच आहे. ते खरेही होते. शेवटी जवळच्या एका कारागिराला पैसे देऊन तो कोपरा पुन्हा कापून घेतला आणि वाचवलेल्या पैशांतील बराच भाग तिथे गेला.

तेव्हा ज्याने नौकेवर येऊन स्वतः मापे घेतली, चुकीची जबाबदारी त्याची. आपण मापे पाठवली तर ती आपली. भावातल्या फरकात हे जबाबदारीचे मूल्य धरलेले असते. शिवाय आपल्या तिसऱ्या भावात मालवाहतूक, आयातशुल्क आणि ब्रिटनचा २० टक्के व्हॅट धरला आहे का, तेही पाहा. ते धरले की दोन तृतीयांशाचे तीन चतुर्थांश व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून आशियातला कारखाना वाईट असे मी म्हणणार नाही. थायलंडमधील फुकेत येथे रॉली टास्करचा मोठा कारखाना आहे, नॉर्थ सेल्ससारख्या नामांकित कंपनीचा कारखाना श्रीलंकेत आहे, आणि तिथल्या शिवणकाम करणाऱ्या हातांना या कामाचा मोठा सराव आहे. आपल्या दुसऱ्या पर्यायाला, म्हणजे प्रसिद्ध नावाच्या शाखेला, म्हणूनच विचारावे की शीड कुठे शिवले जाईल. ते दूरवर शिवले जाणार असेल तरी हरकत नाही, फक्त माप घेणारा, नंतर नौकेवर येऊन शीड पाहणारा आणि बिघाड दुरुस्त करणारा माणूस हॅम्बलमध्ये आहे की नाही आणि तो स्वतः सुई धरणारा आहे की केवळ विक्रेता, हे पाहा. छोट्या कार्यशाळेचा मला वाटणारा मोठा लाभ हाच की ज्याने नौकेवर माप घेतले तोच बहुधा कापड कापतो.

त्या कार्यशाळेत एकदा प्रत्यक्ष जावे. नवे शीड दाखवा असे म्हणू नका. नवे सगळेच सुंदर दिसते. आपण चार-पाच वर्षांपूर्वी शिवलेले आणि दुरुस्तीला आलेले एखादे शीड दाखवा, असे म्हणा. कोपऱ्यांवरचे थर एकाच ठिकाणी संपलेले आहेत की पायरीपायरीने लहान होत गेले आहेत, कड्यांभोवती पट्टीची जादा शिवण आहे का, जोडांवर तीन टाक्यांची नागमोडी शिवण आहे का, बॅटनच्या, म्हणजे शिडाला ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या, खिशांची टोके कशाने मजबूत केली आहेत, स्प्रेडर घासतात तिथे ठिगळ आहे का, मागच्या कडेतील बारीक दोर प्रत्येक आखडीच्या उंचीवर अडकवता येतो का, हे पाहिले की त्या माणसाच्या हाताची ओळख पटते. जो आपले जुने काम दाखवायला कचरतो, त्याच्याबद्दल मला शंका येते.

आखडींविषयी माझे मत थोडे हट्टी आहे. शनिवार-रविवारच्या नौकांना सवयीने दोन उथळ आखडी देतात आणि लांबच्या प्रवासाला म्हणून तिसरी वर चढवतात. दोघांनी चालवायच्या ३४ फुटी नौकेला मी दोनच, पण खोल आखडी देईन : पहिली डोलकाठीकडच्या कडेच्या साधारण १५ टक्क्यांवर, म्हणजे वरच्या मापाने १.७० मीटरवर, आणि दुसरी एक तृतीयांशावर, म्हणजे ३.७५ मीटरच्या आसपास. दुसरी बांधल्यावर शिडाचे क्षेत्र निम्म्याहूनही कमी उरते, आणि बूममधून धावणारे दोर, कप्प्या व घर्षण एका आखडीने कमी होतात. याबाबत आपल्या कारागिराचे मत वेगळे निघाले तर ते कारणासह ऐकून घ्यावे; इंग्लिश खाडीचे वारे त्याने माझ्यापेक्षा जास्त पाहिले असणार. बॅटनबाबत : पूर्ण रुंदीच्या बॅटनमुळे शीड फडफडत नाही, घडी नीट बसते आणि कापडाचे आयुष्य वाढते, मात्र त्या डोलकाठीकडे जोराने रेटतात आणि साध्या स्लाइड खाचेत अडकतात. स्लाइडऐवजी बॅटनच्या टोकाशी बसणाऱ्या चांगल्या सरकत्या गाड्यांचा वेगळा खर्च करायची तयारी नसेल तर वरच्या दोन पूर्ण आणि खालच्या दोन आखूड ठेवणे व्यवहार्य ठरते.

शेवटी वेळ आणि करार. वसंत ऋतूत सगळ्यांनाच शीड हवे असते, त्यामुळे शरद ऋतूत मागणी नोंदवली तर कारागिराला सवड असते आणि अनेक ठिकाणी सूटही मिळते. साउदॅम्प्टनचे नौका-प्रदर्शन सप्टेंबरातच भरते. तिथे या मंडळींशी बोलून मग डोलकाठी उतरवण्यापूर्वी मापे घ्यायला बोलवावे. पावतीवर कापडाचे नाव व वजन, आखडींची उंची, बॅटनची संख्या, तयार होण्याची तारीख आणि पहिल्या मोसमात आकारात करावी लागणारी एक दुरुस्ती विनामूल्य असल्याचे लिहून घ्यावे. शीड चढवल्यावर बारा-एक नॉट वाऱ्यात कारागिराला सोबत घेऊन एक फेरी मारावी आणि तोवर शेवटचा हप्ता हाती ठेवावा.

तर आपल्या तीन भावांपैकी मी पहिला निवडीन, पण त्याने वरच्या प्रतीचे कापड लेखी कबूल केले आणि जुने काम दाखवले तरच. त्याने हात झटकले तर दुसरा.

प्रश्न : माझी ३० फुटी नौका गोव्यात मांडवी नदीत असते. मापे घ्यायला येणारा सेलमेकर जवळपास नाही, म्हणून शीड परदेशातूनच मागवावे लागणार. जुने शीडच नमुना म्हणून पाठवले तर चालेल का?

उत्तर : जुने शीड पाठवावे, पण बरहुकूम नक्कल करण्यासाठी नव्हे. ते ताणलेले असते. त्याच्या मापाने शिवलेले नवे शीड जन्मतःच म्हातारे होईल. स्लाइडचा प्रकार, त्यांच्यातील अंतर, शेंड्याची फळी आणि कोपऱ्यांची कडी यांसाठी मात्र नमुना फार उपयोगी पडतो. तेवढ्यासाठी अख्ख्या शिडाची वाहतूक परवडत नसेल तर एक स्लाइड आणि मापपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे पाठवावीत.

बाकी मापांबाबत वरच्या उत्तरातील माझी चूक वाचावी आणि कारखान्याचा मापांचा नकाशा कोऱ्या कागदावर स्वतः पुन्हा काढून, प्रत्येक माप कुठून कुठे घेतले हे बाणांनी दाखवावे. न ताणणारी स्टीलची टेप शीड चढवण्याच्या दोराला बांधावी, तिच्या कडीला एक पातळ दोर खाली ओढायला ठेवावा, म्हणजे टेप वर अडकून बसण्याची फजिती होणार नाही, आणि वारा नसलेल्या सकाळी माप घ्यावे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाकडून तीच मापे घ्यावीत. आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा घ्यावीत. सरासरी काढू नये.

आपल्याकडे शिडाचा पहिला शत्रू ऊन आहे. पॉलिस्टर कापडाच्या आधी त्यावरचा दोरा उन्हाने कुजतो, कारण टाका कापडाच्या वर उघडा असतो. म्हणून कोकण-गोव्यासाठी मागणी करताना उन्हाने न कुजणारा पीटीएफई दोरा, जो टेनारा या नावाने मिळतो, त्याची किंमत वेगळी विचारावी. तो महाग आहे आणि शिवायला त्रासदायक असल्याने काही कारखाने नाही म्हणतील. निदान शिडाच्या आवरणाला तरी तो वापरावा. आणि जून ते सप्टेंबर नौका किनाऱ्यावर असताना शीड बूमवर गुंडाळून ठेवू नये. गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, बॅटन काढून ते घरात ठेवावे. सेलमेकर निवडताना त्याने उष्ण कटिबंधातील नौकांसाठी शिडे पाठवली आहेत का, हे विचारल्यास वावगे नाही.

प्रश्न : अलिबागकडे ताडपत्री आणि मांडवाचे कापड शिवणारे कुशल कारागीर आहेत. त्यांच्याकडून नवे शीड शिवून घेता येणार नाही का?

उत्तर : डागडुजी, ठिगळे, उसवलेल्या शिवणी, शिडाचे आवरण ही कामे ते उत्तम करतील आणि ती त्यांच्याकडूनच करून घ्यावीत, मात्र दोरा आपण पुरवावा. नवे शीड नको. पट्ट्या सरळ रेषेत जोडल्या तर ताडपत्रीसारखे सपाट कापड तयार होते. शिडाचा फुगवटा येतो तो दोन पट्ट्यांच्या जोडाची एक कड काही मिलिमीटर वक्र कापल्याने, आणि हे वळण प्रत्येक जोडावर वेगळे असते. त्यातच डोलकाठीकडची कड डोलकाठीच्या वाकाशी जुळेल अशी गोलाईत कापावी लागते. हे आकडे आज संगणक काढतो, पूर्वी कारागीर लाकडी पट्टी वाकवून फरशीवर काढत असे. आकडे आणि कापलेल्या पट्ट्या कोणी पुरवल्या तर आपले कारागीर शिवण नक्की घालू शकतील. काही परदेशी पुरवठादार असे कापून खुणा केलेले संच विकतात. तसा संच घेण्यापूर्वी त्या कारागिराच्या यंत्राची सुई कोपऱ्यांवरच्या आठ-दहा थरांतून जाते का, हे एका तुकड्यावर आजमावून पाहावे.